हौसाक्का हात धरते

दुपारी सून चार घास भरवते आणि शालनला गुंगी येते. उजवा हात छातीशी धरलेला, सवयीनं. कॅन्सरच्या गाठीपायी त्या बाजूचा स्तन काढून महिना होत आला, टाकेही निघाले. बोटं भिंतीवर चढवत हात रोज थोडा वर न्यायचा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण घरच्यांची माया आडवी येते. हात हलवला की जखम उकलते, असं शेजारणीनं सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. वेणीसुद्धा सूनच घालते. खांदा पार आखडलाय. शालनला मात्र ते बरंच वाटतं, कारण तिला दुखण्याची भीती वाटते.

उंबऱ्यात थोरली बहीण हौसाक्का उभी आहे. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. असलीच गाठ तिनं चोळीखाली लपवली होती, वास सुटेपर्यंत.

ती बरंवाईट विचारत नाही. सरळ मुस्काटात देते, वेणी धरून फरफटत नेते. स्वयंपाकघर ओलांडावं तर पुढं माहेरचा आड. हौसाक्का ढकलून देते.

शालनच्या डाव्या हाती दोर लागतो. ती लोंबकळते. वर काठावर हौसाक्का वाकते आणि दोरावरच्या बोटांवर दगड घालते. एकदा, दोनदा. नखं फुटतात, रक्त कोपरापर्यंत ओघळतं.

"दुसरा हात वर घे."

"आक्का, जखम उलंल गं."

"उलू दे. म्या गाठ झाकली, तू हात झाकलायस. कोण शानी म्हनायची?"

हौसाक्का रडतेय, आणि रडता रडता दगड पुन्हा उचलतेय. शालनला तिचा भयंकर राग येतो. मेली ती मेली, आता मलाही न्यायला आली! त्या रागातच ती उजवा हात वर फेकते. काखेत टर्रकन काहीतरी तुटतं. ती गुरासारखी ओरडते.

ओरडण्यानंच जाग येते. शालन कॉटवर उभी आहे आणि उजवा हात डोक्याच्याही वर, खिडकीच्या गजाला घट्ट धरून. खांद्यातून आग निघतेय. सून धावत येते, घाबरून ब्लाऊज सारून बघते. जखम कोरडी आहे.

"आत्ती, सोडा तो गज. हात खाली घ्या."

शालन हळूहळू मूठ उघडते. तळव्याला गजाचा तांबडा गंज लागलाय. सून तो पदरानं पुसायला जाते, पण शालन मूठ मिटून घेते.