डायनासोरच्या पाठीवरची चेन

रविवारी दुपारी टीव्हीवर डायनासोरचा एक स्वस्तातला सिनेमा लागला होता. डायनासोर वळला आणि त्याच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसली. आम्ही खो खो हसलो. शाळेच्या गॅदरिंगसाठी वाघ-अस्वलांचे पोशाख शिवणारी मावशी मात्र हसली नाही. "अशा कापडाच्या आत जीव नुसता उकडून निघतो," ती म्हणाली.

मग मला तो डायनासोर वेगळाच दिसू लागला. हल्लीच्या महागड्या सिनेमांतले डायनासोर अगदी खरे वाटतात, पण त्यांच्या आत कुणीच नसतं. इथे एक घामाघूम माणूस आमच्यासाठी जीव तोडून शेपटी हलवत होता.

शेवटी नायकाने गोळी झाडली. डायनासोर धाडकन कोसळला. मावशीने सुस्कारा सोडला.

"सुटला बिचारा. आता चेन काढून घोटभर पाणी तरी पिईल."