मुकादमाची पोटरी

मुकादम तीस वर्षं सफाई खात्यात होता आणि तीस वर्षांत त्यानं एकदाही झाडू उचलला नव्हता. त्याचं काम त्याहून अवघड होतं. झाडणाऱ्यांना बसू द्यायचं नाही. कुणी पायरीवर जरा टेकलं, की हा पाठीमागून उगवलाच. "काय, पाहुणा आलायस का?" अंग तापानं फणफणलेलं असलं तरी, "चालता-बोलता आहेस ना? मग झाड." तीन माणसं कामातून गेली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, पण कागदावर रस्ते लख्ख. साहेब खूश.

पुढं त्याची डावी पोटरी बिघडली. साठ पावलं चाललं की पिळवटून निघायची, थांबलं की मिनिटात निवायची. निदान त्यानं स्वतःच केलं : जोडे वाईट. तीन जोडे बदलले. पाय तोच राहिला.

शेवटी अंगठा गार पडला, तेव्हा तो डॉक्टर भाचीकडं गेला. तिनं पावलावर बोटं ठेवली, ठोका काही लागेना.

"मामा, रक्तवाहिनी टणक झालीय."

"चरबी बसली असेल. धुऊन काढ."

"नळ नाही तो. जिवंत पेशींची भिंत आहे. दिवसाला वीस सिगारेटी आणि वर रक्तदाब, पार जेरीस आल्यात बिचाऱ्या. भिंतीत चरबी घुसते, ती खायला सफाईच्या पेशी येतात, खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात."

"मग मेलेल्या उचलायला दुसऱ्या असतील की."

"आहेत, पण त्याही थकल्यात. उचलणं होत नाही, ढीग कुजतो, त्यानं आणखी मरतात. भिंतीतल्या उरलेल्या पेशी ताणानं बिथरून हाडातल्या पेशींसारखं वागतात, कॅल्शियम धरतात. झाली भिंत कडक."

मुकादमाला जन्मात पहिल्यांदा डॉक्टरचं बोलणं कळलं. "तिथला मुकादम ढिला दिसतोय," तो म्हणाला.

"तिथला मुकादम तुम्हीच," भाची म्हणाली. "सिगारेट बंद, गोळ्या चालू. आणि रोज चालायचं. दुखलं की बसायचं, निवलं की पुन्हा चालायचं. नाही ऐकलंत तर आधी अंगठा जाईल, मग पाय."

"बसायचं? भर रस्त्यात?"

"भर रस्त्यात."

सिगारेट सुटली, बसणं काही जमेना. माणसांसमोर बसायचं म्हणजे अब्रूच गेली! मग पोटरी पिळली की तो गटारावर वाकून तपासणी करायचा. दर साठ पावलांना एक तपासणी, दर तपासणीत एक खोट. आठवडाभर माणसं एकच गटार चार-चारदा उपसत होती. आता उभ्या उभ्या दुखणं मिनिटात निवतही नसे. त्यातच अंगठ्याचं टोक निळसर झालं.

त्या दिवशी तो असाच वाकलेला असताना सगळ्यांत जुनी झाडूवाली मावशी जवळ आली.

"गटारात काही नाही, मुकादम. सकाळपासून तीनदा बघितलंत. पाय वाचवायचाय ना? बसा."

तो बसला. काय करणार, पोटरीच ओरडत होती. मावशीनं झाडू भिंतीला टेकवला आणि तीही शेजारी बसली.

"तुला कुणी सांगितलं बसायला?"

"तुमच्याच भाचीनं. माझे गुडघे तीच बघते."

मुकादमानं पोटरी चोळली आणि सरकून तिला जागा दिली. चार बोटंच दिली म्हणा. जास्त दिली असती तर खातंच बुडालं असतं.