विनायककाकांची उघड्या पत्र्याची गाडी

विनायककाका काल दुपारी गेले. कुमुदकाकूंनी स्वतः फोन करून सांगितलं.

फोन ठेवताना म्हणाल्या, "मंडळाच्या ग्रुपवर लोकं काय लिहितायत ते वाचू नकोस."

मी वाचलं.

'हसतमुख.' 'मनमिळाऊ.' 'सर्वांना आपलेसे करणारे.'

हे लिहिणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्यांच्यासमोर दहा मिनिटं टिकले नसते.

काका हसतमुख नव्हते. ग्वाल्हेरात थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आमच्या शेजारी राहायचे. एका खात्यात ड्राफ्ट्समन. फावल्या वेळात गाड्यांची छोटी मॉडेल्स करायचे.

कोणी आपल्या मॉडेलवर चंदेरी स्प्रे मारून "मेटल फिनिश" म्हणून दाखवायला आणलं, की चष्मा काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "हात साफ आहे तुझा. बिजलीचे खांब रंगवायला जा."

त्यांची एक गाडी मला अजून दिसते. हॉट रॉड. म्हणजे जुनी अमेरिकन गाडी, छत कापून खाली बसवलेली, मोठं इंजिन बाहेर दिसणारं. किट मेव्हण्याने परदेशातून आणलं होतं. काकांना ती रंगाशिवाय हवी होती. नुसता उघडा पत्रा.

पण किट प्लास्टिकचं.

रंगाचा थेंबही त्यांनी वापरला नाही. किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल, पातळ गोंद, कान साफ करायच्या काड्या. एकेक भाग वेगळा कापायचा, चिकटवायचा, घासून घासून बसवायचा. बॉनेटला फॉइलची चमकती बाजू, दारांना मंद बाजू. छताचा जोड वेल्डिंग करून घासल्यासारखा दिसावा म्हणून तिथे झिजलेला पॉलिशपेपर, एकाच दिशेने. जोडाच्या कडेला शिसपेन्सिलीची पूड, बोटाने.

"अख्खी गाडी एकसारखी चमकली ना, तर समजायचं खोटी आहे," ते म्हणायचे. "खऱ्या पत्र्यावर कुठे हात फिरला, कुठे आच लागली, सगळं दिसतं."

फॉइल उडते म्हणून पंखा बंद. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात.

"माणसं मरतील, गाडी राहील," काकू बाहेरून म्हणायच्या.

"दार लाव. धूळ येतेय," काका आतून.

गाडी पुरी झाली त्याच वर्षी मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले. कर्मचारीही वाटले गेले. काका छत्तीसगडच्या वाट्याला आले.

काकू गोरखीजवळच्या एका खाजगी शाळेत शिकवायच्या. त्यांची नोकरी रायपूरला जाणारी नव्हती. म्हणजे एक चूल इथे, एक तिकडे.

ज्यांची वर ओळख होती त्यांची नावं त्या यादीतून अर्थातच गळत होती.

खात्याचे साहेब मराठीच. संस्थान विलीन होण्याआधी आजोबा दरबारात कुठे बसत, हे समोरच्याचा चहा संपायच्या आत सांगून टाकणारे. एका रविवारी ते काकांकडे आले. मी तिथेच होतो. त्यांनी गाडी उचलली आणि बॉनेटवर अंगठा फिरवला.

"विनायकराव, बढिया केलीये. पण अधुरी का ठेवली? कलर?"

"पूर्ण आहे."

"भोपाळला एका मोठ्या माणसाच्या टेबलावर शोभेल. तुमचं काम मी बोलून टाकतो."

काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. काकांकडे त्यांनी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

काकांनी बुटाच्या खोक्यात कापूस भरला आणि गाडी दिली.

रायपूरच्या यादीतून काकांचं नाव निघालं. काकूंनी क्वार्टर्समध्ये पेढे वाटले.

काही दिवसांनी काका सही घ्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेले. गाडी भोपाळला गेलीच नव्हती. साहेबांच्याच टेबलावर होती. टोपी बाजारातल्या कुठल्याशा पेंटरकडून वरून चंदेरी रंग मारून घेतलेला.

"आता कशी एकदम नवी वाटतेय," साहेब म्हणाले.

"टायरही चंदेरी केलेत," काका म्हणाले.

"हां, मॅचिंग."

काका जागेवर आले आणि रायपूरला पाठवा असा अर्ज स्वतः लिहिला.

लोक याला बाणेदारपणा म्हणतात. कालपासून ग्रुपवरही म्हणतायत. मी म्हणणार नाही. एका गाढवाने रंग फासला म्हणून बायकोला एकटं टाकायचं, यात बाणेदार काय आहे? मला तेव्हाही कळलं नव्हतं, आता तर अजिबात कळत नाही.

स्टेशनवर काकांनी सांगून पाहिलं. "इथे राहिलो तर त्या माणसाच्या उपकारावर. रोज ती गाडी बघावी लागेल."

"मग बघा ना," काकू म्हणाल्या. "मी नाही का रोज तुम्हाला बघत?"

गाडी सुटली. रिटायर होईपर्यंत काका सुट्टीतच येत राहिले. पुन्हा एकही मॉडेल केलं नाही.

साहेब आता इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत. आज सकाळी त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं, की 'परममित्राने स्नेहाने दिलेली भेट' रविवारच्या शोकसभेत ते कुटुंबाला सन्मानपूर्वक परत करतील. सोबत फोटो. रंग पिवळट पडलाय. खाली जोडलेल्या हातांची रांग.

परममित्र.

मी काकूंना विचारलं, "तुम्ही जाणार?"

"जाणार ना. गाडी घ्यायची आहे."

"त्यांचं भाषण ऐकावं लागेल."

"करू दे भाषण. तू एक टर्पेंटाइनची बाटली आण फक्त. आणि कापूस. स्टेजवर टेबल असतंच."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय घरी नेऊन करू? रंग पण तर सगळ्यांसमोरच ठेवलाय ना इतकी वर्षं."

खालची फॉइल शाबूत असेल, की रंगाबरोबर तीही निघून येईल, मला माहीत नाही. काकूंनाही नाही. रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये कळेल.

विनायककाका, माझा नमस्कार घ्या. श्रद्धांजली काकू वाहतील.