यादीतून काढलेला प्रिंटर

माधवनगरला साड्यांच्या काठांची डिझाइनं काढणारे एक चाचा आहेत. आधी ग्राफ पेपरवर काढायचे, मग संगणकावर काढायला लागले. सांगलीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे त्यांचं मशीन वर्षानुवर्षं माझ्याच हाताखालून जातं. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आग्रहही माझाच होता. ते नको म्हणत होते. पण कुणी नको म्हटलं की मला जोर चढतो.

अपग्रेड केल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "अरं, डिझाइनचा प्रोग्राम उघडतोय आन् लगीच बंद पडतोय. काय करून ठेवलंस रं?"

"मी काय करणार? प्रोग्रामच जुना आहे," असं म्हणून मी वैतागतच निघालो.

त्यांचे तेवीस वर्षांचे काठ त्या एका प्रोग्राममध्ये होते. फायलींच्या प्रती पेन ड्राइव्हवर होत्या, पण त्या दुसऱ्या कशातच उघडत नाहीत. संगणकात उतरवून झालेले ग्राफ पेपरचे गठ्ठे तर माझ्याच सांगण्यावरून रद्दीत गेलेले. म्हणजे आता हा प्रोग्राम गेला की सगळंच गेलं.

सेटिंग बदलून पाहिलं. अँटिव्हायरस बंद केला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. प्रोग्रामची खिडकी यायची, दोन सेकंद थांबायची आणि जायची. चाचा शेजारी स्टुलावर बसून होते. खिडकी गेली की दर वेळी ते हातातला पेन ड्राइव्ह उलटसुलट करून पाहायचे. ते बघून मला भीती वाटायला लागली.

शेवटी सिस्टिममधल्या नोंदी उघडल्या. दर वेळी गाडी प्रिंटिंगच्या एका फायलीपाशी अडत होती. ते वाचलं आणि मला अपग्रेडचा दिवस आठवला.

त्यांचा जुना प्रिंटर कधीच भंगारात गेला होता, फक्त यादीत नाव उरलेलं. अपग्रेडच्या दिवशी ते मी काढायला लागलो, तेव्हा चाचा म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे गड्या त्याचं नाव. त्याच्याबिगर ह्यो प्रोग्राम सुरू हुईत न्हाई." मी हसलो होतो आणि नाव काढून टाकलं होतं.

घरात नसलेल्या प्रिंटरचं नाव मी पुन्हा यादीत घातलं. प्रोग्राम उघडला आणि उघडाच राहिला. चाचांनी एक काठ उघडून पाहिला, मग दुसरा, मग पुढचा. तिकडे माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी मी उठलो नाही.

मला लाज वाटत होती. तरीही तोंडातून निघालं ते असं, "नव्या सिस्टिममध्ये दोष होता चाचा. काढला."

"बरं झालं," ते म्हणाले. आतून चहा आला, तो आम्ही प्यायलो.

मी बॅग उचलली तेव्हा त्यांनी प्रिंटरची यादी उघडली. नजर पडद्यावरच ठेवून त्या जुन्या नावावर बोट टेकवलं.

"दोष म्हंजी ह्योच न्हवं का रं?"

"व्हय चाचा," मी म्हणालो.