हळू सरकणारी रेघ

प्रयोगशाळेत तिला सगळे चिंगूताई म्हणत. पैशांवरून नव्हे. चहा बहुतेक वेळा तीच पाजायची. विजेच्या बाबतीत मात्र तिचा हात फार आखडता. मेंदूवर बसवायची एक चिप ती घडवत होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मेंदूतले बारीक विद्युत इशारे टिपायचे आणि बाहेर पाठवायचे, एवढंच त्या चिपचं काम. पण चिप जास्त वीज प्यायली की तापते, आणि ऊब एका अंशाहून जास्त वाढलेली मेंदूला सोसत नाही. म्हणून नकाशातल्या एकेका ट्रान्झिस्टरला ती मनातल्या मनात विचारायची, तुझ्यावाचून काय अडलंय? उत्तर पटलं नाही की त्याची गच्छंती.

एकाच बाबतीत ती सढळ होती. मेंदूचे काही इशारे झरझर येतात. काही इतके सावकाश, की एक लाट पुरी व्हायला अर्धं मिनिट जावं. या सावकाश लाटा बहुतेक जण दारातच अडवतात. त्यांना जागा फार लागते आणि त्या नोंद बिघडवतात. तिने त्यांना आत घेतलं होतं.

"ही कसली काटकसर?" तिचे प्रमुख म्हणायचे. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. "मुंगीला दार बंद आणि हत्तीला पायघड्या."

ती हसून वेळ मारून न्यायची. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या आईला फिट येत असे. आई कपडे शिवायची, आणि लहानपणापासून ही तिच्या यंत्राशेजारी बसून अभ्यास करायची. हात आखडायच्या बऱ्याच आधी आईत काहीतरी बदलतं, हे तिने पाहिलं होतं. यंत्राचा वेग मंदावायचा. आई बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी अडायची आणि भलताच शब्द उचलायची. डॉक्टर म्हणत, आधी कळण्यासारखं काही नसतं. आईही म्हणे, "मला कुठलं कळायला?" मुलीला वाटे, ते हळू येत असणार, आणि हळू येणारं कुणी मोजतच नाही.

चिप तयार होऊन आली. झरझर इशारे लख्ख टिपत होती. सावकाश लाटांची रेघ मात्र काही इशारा नसतानाही आपली आपण वर सरकायची. तीन आठवडे तिने तारा बदलल्या, बॅटरी बदलली, शेवटी सगळं गणित पहिल्यापासून मांडलं. रेघ सरकतच होती.

बुधवारी सकाळी सर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"शुक्रवारी पुढच्या चिपचा नकाशा कारखान्यात पाठवायचाय. तोवर दोष सापडला नाही, तर सावकाश भाग काढून टाकू. बाकीची चिप सोन्यासारखी आहे गं. एवढ्यापायी तिचा बळी नको."

"दोनच दिवस राहिले, सर."

"म्हणूनच आज सांगतोय."

त्या संध्याकाळी तिने तीन आठवड्यांच्या रेघांचे कागद आईच्या कापड बेतायच्या टेबलावर पसरले. आई चष्मा लावून वाकली. रेघा हा तिचाच प्रांत. वाकडी गेलेली कात्री तिला लांबूनही दिसे.

"ही रोज इथे सरळ होते," आईने खडूने खूण केली. "मग परत तिरकी."

"ती जेवणाची सुट्टी. बाकीची यंत्रं बंद असतात, म्हणून गोंगाट कमी होतो."

"आणि दिवे?"

"शेवटी बाहेर पडेल तो सगळे घालवतो."

"मग दिव्याचंच असेल. कापड नाही का उजेडात विटत?"

"आई, ही चिप आहे. कापड नाही."

"बरं बाई. मी शिंपीण. तुझं तू बघ."

ती हसली. मग हसायची थांबली.

सावकाश लाटा टिपायला विजेची वाट फार अरुंद करावी लागते. जागा वाचवायची म्हणून तिने काही ट्रान्झिस्टर जवळजवळ बंदच ठेवले होते. त्यांतून वीज जेमतेम पाझरायची. सिलिकॉनवर उजेड पडला की थोडी वीज उठते, हे तिला ठाऊक होतं. पण त्या पाझरापुढे ती थोडी वीजही पूर होती. आणि चिप नीट दिसावी म्हणून तिने ती उघडीच सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली ठेवली होती. कवटीच्या आत कुठला उजेड? जिला जन्मभर अंधारात राहायचं, तिला ही तीन आठवडे उजेडात तपासत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे नेमका तोच नव्हता.

गुरुवारी तिने चिपवर बाटलीचं काळं झाकण पालथं घातलं. रेघ जागची हलली नाही. सरांनी झाकण उचललं, रेघ चढली. ठेवलं, सरळ झाली. त्यांनी पाच-सहा वेळा तेच केलं.

"कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

"आमच्या शिंपिणीच्या."

"राहू दे तुझा सावकाश भाग," सर म्हणाले. झाकण अजून त्यांच्या हातातच होतं.

घरी आईने विचारलं, "मग मला कधी बसवतेस?"

"तुला नाही गं. अजून किती चाचण्या आहेत. दहा-बारा वर्षं तरी जातील."

"असू दे. मग एवढा जीव का टाकत होतीस?"

तेव्हा तिने पहिल्यांदा सांगितलं. मंदावणारं यंत्र, अडणारा शब्द, सगळं. आई उसवलेल्या शिवणीतले दोरे वेचत राहिली.

"कळतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"आधी. पंधरा-वीस मिनिटं. सगळं लांब जायला लागतं. तुझा आवाजसुद्धा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले की तू सगळं टाकून माझ्यापाशी बसणार. दहावीचा एक पेपर बुडवला होतास. पुरे झालं तेवढं."

"मला बसायचंच असतं, आई."

आईने वेचलेले दोरे मुठीत गोळा केले.

पुढच्या रविवारी सकाळी यंत्र थांबलं. ती आतल्या खोलीत होती.

"अगं, इकडे ये जरा," आईची हाक आली. "घाई नाही. पण ये."

ती आली. आईच्या हातातली कात्री काढून ठेवली, खाली चटई घातली, उशी आणली. दोघी शेजारी बसल्या. आईने तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

"बोल काहीतरी," आई म्हणाली. "ऐकू येतंय तोवर."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. हळू बोल."

ती बोलू लागली.