धारचं तिकीट

मुलाने स्कूटर घेऊन दिली तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. विजेवर चालणारी, ना धूर ना आवाज, साठी उलटलेल्या बाईला झेपेल एवढी हलकी. मुलगा पुण्याला असतो. सुट्टीत देवासला आला, माझ्या फोनमध्ये एक ॲप घातलं आणि म्हणाला, "आई, आता सगळं यातच. स्कूटर, तिचं चार्जिंग, इंदूरची बस, त्यापुढची बस. एकच तिकीट. तुला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." पेढे वाटण्यात जरा घाईच झाली.

कारण ते खातं फॅमिलीचं होतं आणि फॅमिलीचा कर्ता तो. मी स्कूटर सुरू केली की पुण्यात कळे, थांबवली की कळे. नकाशावर त्याने घराभोवती एक गोल आखून ठेवला होता. बाजार आत, टेकडी आत, दवाखाना आत. गोलाबाहेर चाक गेलं की पाचव्या मिनिटाला फोन. "आई, स्टेशनकडे काय काम काढलंस?" प्रेमानेच विचारायचा, हे मान्य. पण माझ्या नवऱ्यानेही मला कधी एवढं विचारलं नव्हतं. एकदा फोन घरी ठेवून भजनाला गेले, तर उचलत नाही म्हणून त्याने शेजाऱ्यांना दार वाजवायला लावलं. परतले तो ओट्यावर सहा माणसं उभी, चेहरे सुतकी. तेव्हापासून फोन कायम कमरेला.

अशात धारहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "धाकटे, गुरुवारी लेक मला बंगळूरला नेतेय. कायमची. त्याआधी एकदा येऊन जा. मग काही आपली भेट व्हायची नाही."

धार आमच्या घरात चार वर्षं बंद होतं. यजमान गेले तेव्हा थोरले दीर दहाव्यालाही आले नाहीत. जमिनीवरून भावाभावांत वाकडं होतं, ते मरणानंही सरळ झालं नाही. मुलगा घाटावर एकटा बसला. घरी येऊन म्हणाला, "यापुढे धारचं नाव काढायचं नाही." एकदाच म्हणाला, पण मी ते पाळलं. पुढे दीर गेले, तेव्हाही मी गेले नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

कारण जाऊबाई वेगळ्या. कुक्षीहून लग्न होऊन मी त्या घरात आले, त्याच वर्षी नवरात्रात धारच्या त्या घरी माझ्या पदराच्या वाऱ्याने देवीचा अखंड दिवा विझला. त्या घरात याहून मोठा अपराध नव्हता. जाऊबाई आत आल्या, मुकाट्याने वात पेटवली आणि म्हणाल्या, "देवीला ठाऊक, तुला ठाऊक, मला ठाऊक. बास." चाळीस वर्षांत ती गोष्ट चौथ्या कानी गेली नाही. अशा बाईचा निरोप घ्यायला मला जायचं होतं, आणि कमरेला सगळं पुण्याला सांगणारं यंत्र!

मंगळवारी मुलाची मोठी मीटिंग असते, म्हणून मंगळवार निवडला. पिशवीत बेसनाचे लाडू घेतले आणि स्टँडवर जाऊन स्कूटर चार्जिंगला लावली. तिथला माणूस पडद्याकडे बघत म्हणाला, "आंटीजी, गाडी तो बेटे के खाते में है। उनको मैसेज चला गया।"

"भिया, मैसेज रुक नी सकता क्या?"

"अपने हाथ में कुछ नी है।"

तिकीटही फोनवरच निघालं. देवास ते धार, मध्ये इंदूरला बस बदलायची. बसमध्ये तासभर मी फोनवर तळहात दाबून बसले होते, जणू त्याने काही दिसायचं थांबणार होतं.

इंदूरला धारची बस समोरच लागलेली. माझा एक पाय पायरीवर, आणि फोन वाजला.

"आई, कुठे आहेस?"

"भाजी घ्यायला आलेय." मागे कंडक्टर बेटमा, धार, बेटमा, धार म्हणून घसा फोडत होता.

मुलगा म्हणाला, "बरं. सावकाश घरी जा."

खोटं बोलू नये म्हणून मी शाळेत बत्तीस वर्षं पोरांचे कान पिळले, आणि त्या पायरीवर मीच चोरासारखी उभी होते. चिडले मी. त्याच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. पण चिडूनही पाय वर गेला नाही. "माताजी, चढना है?" कंडक्टरने विचारलं. मी खाली उतरले. देवासला परतले तर स्कूटर तेवढी पूर्ण चार्ज झाली होती.

जाऊबाईंना कळवलं, बरं नाही. त्या म्हणाल्या, "असू दे. जप हो." गुरुवारी त्या बंगळूरला गेल्या.

महिन्याभराने मुलगा घरी आला. जेवताना म्हणाला, "काकू बंगळूरला गेली म्हणे. आई, त्या मंगळवारी तुझं तिकीट धारचं होतं ना? मग इंदूरहूनच परत का आलीस?"

"तुला दिसत होतं?"

"दिसतंच की. मला बरं वाटलं होतं, जातेयस म्हणून. काकूला माझा नमस्कार सांग, एवढंच म्हणायला फोन केला. तू भाजी म्हणालीस. मग म्हटलं, तुला सांगायचं नसेल तर नको."

तू घरी जा म्हणालास म्हणून परतले, हे कुठल्या तोंडाने सांगणार? "बस चुकली," मी म्हणाले. बस चुकली नव्हती, हेही त्याने पाहिलं असणार. जेवण झाल्यावर त्याने माझा फोन घेतला, नकाशा उघडला आणि घराभोवतीचा गोल पुसून टाकला.

"आता कुठेही जा, आई," तो म्हणाला.

धारला आता माझं कुणी नव्हतं.