शेंदूर मीच लावला

घोडेगावच्या रस्त्याला माझ्या चुलतभावाची जमीन आहे. तिथल्या टेकाडात नांगराला जुन्या विटा लागायच्या, खापरं लागायची. कधीकाळी तिथं गाव नांदलेलं. टेकाडाच्या तोंडाशीच एक वीरगळ उभा होता, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड. मी शिक्षक होतो तेव्हा दरवर्षी पोरांना तिथं न्यायचो. ढाल कुठली, तलवार कुठली, ते बोटांनी शोधायला लावायचो. फार जीव होता माझा त्या जागेवर.

भावानं बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचं ठरवलं आणि बिनशेतीचा अर्ज टाकला. मीही पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला, की आधी टेकाड बघा, मग परवानगी द्या. पाहणीला येतो, असं उत्तर आलं. त्याआधी जेसीबी येणार असं कळलं. पाहणी होईपर्यंत मशीन थांबावं, एवढंच मला हवं होतं.

सकाळीच जाऊन मी वीरगळाला शेंदूर फासला, वर चार फुलं ठेवली. जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारा मी! जेसीबीवाल्यानं हात जोडले आणि मशीन मागं घेतलं. घरी येऊन मी खुशीत दोनदा चहा प्यालो.

पण गावानं देव मनावर घेतला. येणारा-जाणारा तेल ओतू लागला, लेपावर लेप चढले. आधी ढाल बुजली, मग तलवार. कुणाला कोणत्या तोंडानं अडवणार?

एक दिवस भाऊ घरी आला. "दादा, देव आसा उन्हात बरा न्हाई दिसत. रस्त्याला देऊळ बांधतो, फरशीचं. पयला नारळ तुमचा."

त्याच्या चेहऱ्यावर मी लबाडी शोधली. नव्हती. हलगीच्या गजरात दगड हलला, सिमेंटात बसला. दुसऱ्या दिवशी टेकाड सपाट झालं.

पुरातत्त्वचे साहेब आले ते त्यानंतर. भला माणूस. मी त्यांना देवळात नेलं, लेपाखाली लढाई आहे म्हणून सांगितलं. त्यांनी जरासं खरवडलं, तशी एक बाई ओरडली, "सायेब, देवाला नख लावू नगा!"

मग टेकाडाच्या जागी उभं राहून त्यांनी पंचनामा लिहिला: जागेवर प्राचीन अवशेष आढळले नाहीत. पंच म्हणून जाणता माणूस हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौफेर नजर टाकली. नुसता मुरूम आणि चुन्याच्या रेघा. लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी सही केली.